पेट्रोलचा कॉक बंद केलास का?

मामंजी, गॅरेजमधून पेट्रोलचा वास येतो आहे आणि घरात माझ्याशिवाय कोणी नाही, म्हणून कागद घेऊन तुमच्याशी बोलावंसं वाटलं. तुम्ही गेलात त्या वयाच्या पुढे मी केव्हाच गेले. रीतसर पाहिलं तर आता मी मोठी आणि तुम्ही लहान, पण जीभ 'तुम्ही' सोडायला तयार नाही आणि तुमची आठवण आली की खुर्चीवर वर घेतलेले पाय अजून आपोआप खाली येतात. धाकच तसा होता तुमचा. मी सांगलीची, तोंडाने फटकळ, माहेरी कुणाचं ऐकून घेणारी नव्हते. तरी तुमच्यापुढे पहिले कित्येक महिने माझ्या तोंडून 'हो' आणि 'चहा ठेवू का' यापलीकडे काही निघालं नाही.

हे घर तुमच्या नातवाचं. तुम्ही त्याला पाहिलं नाहीत, तुम्ही गेल्यावर झाला. नाक तुमचं आहे, आणि चालताना हात मागे बांधतो तेही तुमचंच. कुणी शिकवलेलं नाही. हे गेल्यावर त्याने न्यू जर्सीचं आमचं घर विकलं आणि मला इथे व्हर्जिनियात, अ‍ॅशबर्नला आणलं. खालच्या मजल्यावर मला स्वतंत्र खोली आहे, बाथरूममध्ये धरायला दांडी बसवली आहे, टीव्हीवर मराठी मालिका लागतात. तक्रारीला जागाच ठेवलेली नाही, हीच माझी तक्रार. मागच्या थंडीत किराण्याच्या दुकानाच्या पार्किंगमध्ये मी गाडी एका खांबाला घासली. खांबाला काही झालं नाही, मलाही नाही, पण मुलाने किल्ली काढून घेतली. "आई, जस्ट फॉर अ व्हाइल," म्हणाला. तो व्हाइल अजून चालूच आहे. सकाळी नवरा-बायको दोघं निघून जातात. फिरायला जावं तर पलीकडे खिडक्या नसलेल्या अवाढव्य इमारती, आत सगळे कॉम्प्युटर, माणूस औषधालाही नाही. त्यांच्या कडेने एक चक्कर मारते आणि परत येते. 'सांभाळून जा' असं मुलगा रोज सांगतो, पण कुणापासून सांभाळायचं ते अजून माझ्या लक्षात आलेलं नाही.

तुम्ही आमच्याकडे न्यू जर्सीला आलात ते ऐंशीच्या दशकात, सासूबाई गेल्या त्या वर्षी, झाडांची पानं लाल होत होती तेव्हा. विमानतळावर तुम्हाला चक्कर आली. फार काही नव्हतं, बाकावर बसवलं, पाणी दिलं, उभे राहिलात. पण यांनी ती चक्कर मनात धरली ती धरलीच. तुमचा सगळा जन्म पाटबंधारे खात्यात गेलेला. कऱ्हाडच्या आसपासचे कालवे, पाटाची दारं, कुणाच्या शेताला केव्हा पाणी सोडायचं आणि केव्हा तोडायचं, हे सगळं तुम्ही फटफटीवरून फिरून सांभाळलेलं. उघडं राहिलं की वाया गेलं, हा तुमचा धर्म. आमच्या टाऊनहाऊसमध्ये तुम्ही तो धर्म चालू ठेवलात. मी भांडी विसळताना साबण लावायला नळावरून हात काढला की तुम्ही मागून येऊन नळ बंद करायचात. दिवे बंद, पंखा बंद, हीटरचा काटा इतका खाली की हे ऑफिसातून आले तरी कोट अंगावरच ठेवायचे. झोपायच्या आधी तुम्ही प्रत्येक दाराला एकदा हलवून बघत होता. मी वरच्या खोलीतून ते खडखड आवाज ऐकायची आणि मला वाटायचं, आता कोंबड्या डालल्या, आता मालक झोपायला जाईल.

आणि कोंबडीला जायचं तरी कुठे होतं? गाडी एक, ती सकाळीच हे घेऊन जात. मला ड्राइव्ह करता येत नव्हतं. 'शिकवतो, पुढच्या वर्षी,' असं हे म्हणायचे. बस नव्हती. मोठ्या रस्त्याला फूटपाथ नव्हता. आपण दोघं एकदा भाजी आणायला चालत निघालो होतो, आठवतं? तुम्ही पुढे, डोक्याला माकडटोपी, हात मागे. मी मागे, साडीवर यांचा जाड कोट. दहा पावलं गेलो नाही तोच पोलिसाची गाडी शेजारी थांबली. त्याने अगदी अदबीने विचारलं, तुमची गाडी कुठे बंद पडली? तुम्ही सांगितलंत, वी आर वॉकिंग. त्याला ते काही केल्या पटेना. शेवटी त्याने आपल्याला घरी आणून सोडलं, आणि समोरची बाई खिडकीतून बघत राहिली. रात्री यांनी ते ऐकलं आणि हसावं की रागवावं ते त्यांना कळेना. म्हणाले, बाबा, इथे असं चालत जात नाहीत. तेव्हापासून तेही बंद झालं.

त्याच हिवाळ्यात एका हळदीकुंकवाला मला नागपूरच्या मावशी भेटल्या, सगळ्याच त्यांना तसं म्हणत. आयसेलिनला ओक ट्री रोडवर त्यांचं साड्यांचं दुकान होतं. तेव्हा तिथे आपली दुकानं अगदी मोजकी होती. त्यांना हाताखाली कुणीतरी बोलणारी, साडी उलगडून दाखवणारी बाई हवी होती. माझं बोलणं ऐकून त्यांनी तिथेच विचारलं. सकाळी माझ्या गाडीतून घेऊन जाईन, संध्याकाळी आणून सोडीन, एवढं सगळं म्हणाल्या. मी घरी येताना गाडीत यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "अगं, पण बाबांना एकटं कसं ठेवायचं? पुन्हा चक्कर आली तर? पुढच्या वर्षी बघू." माझं सगळं लक्ष त्या दुकानाकडे लागलं होतं. मला पगाराचं काही नव्हतं. मला फक्त सकाळी चप्पल घालून कुठेतरी जायचं होतं. त्या रात्री तुमचा दारं हलवण्याचा आवाज ऐकताना तुमचा मला इतका राग आला, की सकाळी तुमच्या चहात मी मुद्दाम साखर कमी घातली. तुम्ही निमूट प्यायलात.

ती मोटरसायकल तोवर गॅरेजात जुन्या चादरीखाली उभी होती. यांनी ती तुम्ही येण्याआधीच्या उन्हाळ्यात ऑफिसातल्या कुणाकडून हौसेने घेतली होती. दोन रविवार चालवली, तिसऱ्या रविवारी वळणावर घसरले, गुडघा फोडून घेतला आणि तिच्यावर चादर घातली ती घातलीच. आधीच ती बऱ्याच वर्षांची, बसून बसून आणखी म्हातारी झाली. थंडी ओसरल्यावर एक दिवस तुम्ही ती चादर काढलीत. मी कपडे वाळवायच्या मशीनपाशी उभी होते, म्हणून तुमचा चेहरा मला दिसला. मुंजीत बटू हरखून बघतो तसे तुम्ही तिच्याकडे बघत होता. मग वाकून इंजिनाजवळ बघितलंत आणि मला हाक मारलीत. "सूनबाई, हे बघ. दोन कार्बोरेटर. एका घरात दोन चुली कशाला मांडल्यात यांनी?" आपण दोघं पहिल्यांदा एकाच गोष्टीला हसलो ते तेव्हा.

तुम्ही ती चार-आठ दिवसांत चालू केलीत. यांनी कौतुक केलं, लायसन्स आणि इन्शुरन्स असल्याशिवाय रस्त्यावर न्यायची नाही असंही बजावलं. तुम्ही मान डोलावलीत. दुपारी गॅरेजचं दार वर करायचं, इंजिन चालू करायचं, तिच्यावर बसायचं, हँडल धरायचं आणि समोरच्या रस्त्याकडे बघत राहायचं, एवढाच तुमचा प्रवास. मग किल्ली फिरवून बंद, आणि लगेच खाली हात घालून पेट्रोलचा कॉक बंद. आपल्याकडे प्रत्येक फटफटीवाल्याच्या हाताला ही सवय असते. गाडी थांबली की कॉक. तुमच्या कऱ्हाडच्या गाडीला तीन खुणा होत्या, चालू, रिझर्व्ह आणि बंद. या गाडीलाही तीनच होत्या, अक्षरं घासून गेली होती, तेव्हा तिसरी म्हणजे बंद हे विचारायचीही गरज नव्हती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी खाली पेट्रोलचं थारोळं. वास जिन्याने थेट स्वयंपाकघरात. फोडणी घालायला मला भीती वाटायला लागली. मी केकचं एक जुनं भांडं गाडीखाली ठेवलं, ते सकाळपर्यंत बोटभर भरायचं.

मग सुरू झाली आपली ती दुरुस्ती. तुम्ही मला समजावून सांगितलंत, कार्बोरेटरच्या पोटात एक वाटी असते, तिच्यात पेट्रोल साठतं, वर फ्लोट तरंगतो, आणि वाटी भरली की तो फ्लोट वर येऊन एका सुईने पेट्रोलची वाट बंद करतो. म्हणजे फ्लशच्या टाकीसारखं, मी म्हटलं. तुम्हाला ती तुलना आवडली नाही, पण खोटीही म्हणता येईना. सुईचं टोक तुम्ही दंतमंजन लावून घासलंत. फ्लोटला भोक पडलंय का बघायला तुम्ही तो गरम पाण्यात बुडवलात, आणि त्यासाठी माझं दुधाचं पातेलं घेतलंत. मी आल्यावर पातेल्यात दूध नाही, पितळेचा फ्लोट. त्या दिवशी माझा पहिल्यांदा आवाज चढला. तुम्ही पातेल्याकडे बघितलंत, माझ्याकडे बघितलंत, आणि म्हणालात, बुडबुडे आले नाहीत, म्हणजे फ्लोट चांगला आहे. पातेलं मी फेकून दिलं. बारीक स्क्रू माझी बोटं काढायची, कारण तुमचे हात थोडे थरथरायचे आणि त्याबद्दल आपण दोघंही बोलत नव्हतो. सगळं पुसून, लखलखीत करून परत बसवायचं, इंजिन चालू करायचं, बंद करायचं, आणि तुम्ही विचारायचात, "कॉक बंद केलास का?" मी म्हणायची, केला. सकाळी पुन्हा भांड्यात पेट्रोल. असं किती वेळा झालं कोण जाणे.

यांचा धीर सुटला. एका सकाळी वासाने डोकं धरून खाली आले आणि म्हणाले, बाबा, उद्या एक ठिणगी पडली तर आपलंच नाही, शेजारच्या सगळ्यांची घरं जातील. शनिवारी मी माणूस बोलावतो, तो फुकट घेऊन जाईल. त्या दिवशी जेवताना तुम्ही नुसते भाताचे ढीग करत बसलात. मला तेव्हा कळलं की ही गाडी गेली तर तुम्हाला बघायला भिंती उरतील, आणि त्यातली एक मी असेन.

त्याच आठवड्यात नागपूरच्या मावशींचा पुन्हा फोन आला. दुसरी एक बाई विचारते आहे, तुझं काय ते आज सांग, म्हणाल्या. मी स्वयंपाकघरात उभी राहून नाही म्हटलं. अगदी गोड आवाजात, घरी सासरे असतात ना मावशी, असं. फोन ठेवून खाली आले तेव्हा तुम्ही इंजिन नुकतंच बंद केलं होतं आणि कापडाला हात पुसत होता. वर न बघता विचारलंत, "कॉक बंद केलास का?"

"नाही केला," मी म्हटलं. "आणि करणारही नाही. नळ बंद, दिवे बंद, दारं बंद. मी पण बंद. आणखी काय बंद करायचं राहिलंय या घरात?"

तुम्ही कापड खाली ठेवलंत. मला वाटलं आता ओरडाल, आणि ओरडावं असंच मला वाटत होतं. पण तुम्ही शांतपणे विचारलंत की झालं काय. मग मी सगळं सांगितलं. दुकान, मावशी, गाडीतून ने-आण, आणि तुम्ही इथे आहात म्हणून मला घराबाहेर पाय टाकता येत नाही हेही. सुनेने सासऱ्याला हे तोंडावर सांगायचं नसतं.

"माझ्यामुळे?" तुम्ही म्हणालात. "मी महिन्याभरासाठी आलो होतो, सूनबाई. परतीचं तिकीट होतं माझं. त्यानेच मला बाजूला घेऊन सांगितलं, हिला इथे एकटीला करमत नाही, दिवसभर रडत बसते, तुम्ही असलात तर आधार होईल. म्हणून मी राहिलो. नाहीतर मला काय आहे इथे?"

मी म्हटलं, मी रडत बसत नाही. तुम्ही म्हणालात, ते बघतोच आहे मी. आणि तुम्ही जिना चढून वर गेलात, मी माझ्या खोलीत गेले. रात्री तुमचा दारं हलवण्याचा आवाज आला नाही. मी अंथरुणात पडून विचार करत होते, की यांनी कुणाशी वाईट केलं नाही. तुमची काळजी मला सांगितली, माझी काळजी तुम्हाला सांगितली. दोन्ही खऱ्याच होत्या. आणि त्या दोन काळज्यांनी आपण दोघं एकमेकांच्या पायात बेडीसारखे अडकलो होतो. रागवायचं कुणावर तेच समजत नव्हतं.

सकाळी भांडं रिकामं करायला खाली गेले, तर तुम्ही आधीच गाडीपाशी उकिडवे बसला होता. भांडं कोरडं होतं. तुम्ही विचारलंत, रात्री येऊन कॉक बंद केलास? मी म्हटलं, नाही. तुम्ही म्हणालात, मीही नाही. मग तुम्ही हात घालून कॉक तिसऱ्या खुणेवर नेलात, रोजच्यासारखा 'बंद'. थोडा वेळ गेला आणि खालच्या नळीच्या टोकाला एक थेंब जमला, लोंबला, पडला. तुम्ही कॉक परत पहिल्या खुणेवर आणलात. थेंब थांबले. पुन्हा तिसऱ्यावर, पुन्हा थेंब. असं तुम्ही किती तरी वेळा केलंत. मग तुम्ही भिंतीला टेकून बसलात आणि हसायला लागलात. सासूबाई गेल्यापासून तुम्हाला असं हसताना कुणीच पाहिलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबेना. "अगं, हे आपलं आपण बंद होतं," तुम्ही म्हणालात. "इंजिन थांबलं की आपोआप. तिसरी खूण बंदची नाहीच. ती उघडायची आहे, सरळ मोकळी वाट. आपण रोज बंद करतो म्हणून उघडत होतो." सुई जुनी होती, तिला तेवढा मोकळा लोंढा अडवता येत नव्हता, एवढंच. जन्मभर पाटाची दारं बंद करणाऱ्या माणसाने हे करावं याचं तुम्हाला भारी नवल वाटलं.

त्या रात्री जेवताना तुम्ही यांना गाडी गळायची थांबली हे सांगितलंत, आणि त्याच सुरात, भात कालवता कालवता, म्हणालात, "हिला दुकानात जाऊ दे. मी एकटा राहतो. तुझी दोन माणसं एकमेकांची राखण करत बसलीत, काम कुणीच करत नाही." हे माझ्याकडे बघायला लागले. मी आमटीकडे बघत होते. शेवटी हे बरं म्हणाले. लगेच तुम्ही दुसरी गोष्ट काढलीत. आता हिला आधाराची गरज नाही, तर माझं तिकीट काढ. "पुढच्या वर्षी, बाबा," हे म्हणाले. "आता एकदम कुठे जाता? तिकडे तुमच्याजवळ आहे कोण?" माझं दार उघडलं त्या रात्री, मामंजी, आणि तुमचं तसंच राहिलं. मला ते दिसलं होतं. पण मला इतका आनंद झाला होता की मी काही बोलले नाही.

मी दुकानात जायला लागले. बायकांपुढे साड्या उलगडायच्या, नको म्हटल्या की पुन्हा घडी घालायची, मावशींशी वाद घालायचा. सहा महिन्यांत मी ड्रायव्हिंगही शिकले, मावशींनीच शिकवलं. संध्याकाळी घरी यायची तर गॅरेजचं दार वर आणि तुम्ही पालथ्या बादलीवर बसलेले, अंगाला शाल, डोक्याला माकडटोपी, समोर केकचं भांडं. "गळतंय परत," तुम्ही सांगायचात. रोज नाही, पण आठवड्यातून दोन-तीनदा तरी. मी म्हणायची, सुईच गेली असेल, नवीन आणायला हवी. तुम्ही म्हणायचात, जुनी गाडी आहे, गळणारच. मग मी साडी खोचून तुमच्याजवळ बसायची, वाटी काढायची, पुसायची, परत लावायची. तेवढ्यात तुम्ही दुकानाची सगळी हकीकत काढून घ्यायचात. कोण आलं, कुणी कोणती साडी नेली, कोण नेसून परत करायला आली, मावशी कुणावर चिडल्या. न पाहिलेली माणसं तुम्हाला तोंडपाठ झाली होती. यांची गाडी वळताना दिसली की मी उठून स्वयंपाकाला पळायची. कधी फार दमलेली असले तर म्हणायची, मामंजी, आज नको, उद्या बघू. तुम्ही 'हं' म्हणायचात आणि भांडं पायाने परत गाडीखाली सरकवायचात.

दुसऱ्या हिवाळ्यात मी एका संध्याकाळी आले तेव्हा तुम्ही त्याच बादलीवर होता, भिंतीला टेकून. मी बोलायला लागले आणि तुम्ही उत्तर दिलं नाहीत. हॉस्पिटलात काही दिवस काढलेत, बोलणं गेलं होतं, माझा हात धरायचात आणि सोडायचात. यांनी मला 'बाबांना एकटं ठेवलंस' असं एका शब्दाने कधी म्हटलं नाही, अगदी शेवटपर्यंत. मीही त्यांना तिकिटाबद्दल बोलले नाही. हे अस्थी घेऊन कऱ्हाडला गेले, संगमावर. तुमचं परत जाणं शेवटी असं झालं. ते आल्यावर गाडी न्यायला एक माणूस पिकअप घेऊन आला. त्याने टाकीचं झाकण काढून आत बघितलं आणि म्हणाला, टाकी ठणठणीत कोरडी आहे, कुणीतरी कॉक प्राइमवर, म्हणजे सरळ उघडा, ठेवला होता. वाकून बघितलं तर खरंच, कॉक तिसऱ्या खुणेवर. मी मनात म्हटलं, शेवटी शेवटी तुमच्या लक्षात राहत नसेल, हाताची जुनी सवय. तुम्ही, आणि लक्षात न राहणारे. पण तेव्हा मला तेवढंच सुचलं.

आता या घरातलं सांगते. तुमच्या नातवाने वसंतात एक जुनी मोटरसायकल आणली, त्याच्याहून वयाने मोठी. आणल्यापासून तीही गळायची. तो रोज संध्याकाळी जेवायच्या आधी गॅरेजात बसायचा आणि मी त्याला टॉर्च धरायची. एरवी तो घरी आला की वर जातो, दार लावतो, कॉम्प्युटर उघडतो. माझ्याशी बोलणं म्हणजे 'आई, औषध घेतलंस?' पण गॅरेजात तो बोलायचा. मी तुमच्या दोन चुलींची गोष्ट सांगितली, पोलिसाची सांगितली, दुधाच्या पातेल्याची सांगितली. तो हसून हसून खाली बसला. म्हणाला, "आई, हाऊ कम यू नेव्हर टोल्ड मी धिस?" मी म्हटलं, तू कधी बसलास? मागच्या रविवारी त्याने सगळं साफ करून बसवलं आणि मला दाखवलं, हा कॉक ऑनवर ठेवायचा, इंजिन थांबलं की आपोआप बंद होतो, याला हात लावायचा नाही. मी म्हटलं, अस्सं का. गाडी गळायची थांबली. आणि आठवडाभर तो खाली आला नाही.

आज दुपारी मी कपडे मशीनमध्ये टाकायला गॅरेजात गेले. कपडे टाकले, तरी तिथेच उभी राहिले. मग खाली केकचं एक जुनं भांडं सरकवलं, हवा यायला दार थोडं वर केलं, आणि हात घालून कॉक तिसऱ्या खुणेवर नेला. हाताची सवय नव्हती ती. मला पक्कं माहीत होतं मी काय करते आहे. पहिला थेंब पडेपर्यंत मी तिथे उभी होते, आणि तो पडला तेव्हा मला तुम्ही दिसलात, शाल पांघरून त्या बादलीवर, मी कधी येते त्याची वाट बघत. इतकी वर्षं मी जुन्या सुईला बोल लावला. त्या दिवशीही, शेवटच्या, तुम्ही कॉक फिरवूनच बसला होता ना? आणि मी दमले आहे म्हणून किती वेळा 'उद्या बघू' म्हटलं असेन.

हे पत्र ठेवायला जागा नाही, मी ते फाडून टाकीन. तुमच्या नातवाला ते वाचता येणार नाही, पण तरीही फाडीन. आता तो येईलच. गॅरेजचं दार वर जाईल, तो नाक उचलून वास घेईल आणि हाक मारील, आई, इट्स लीकिंग अगेन. मी टॉर्च घेऊन जाईन आणि म्हणेन, जुनी गाडी आहे, गळणारच. कॉक मी फिरवला हे मी त्याला सांगणार नाही, मामंजी. तुम्हीही मला सांगितलं नव्हतं.